एक झेंडा, चार गळे

1980 च्या मार्च महिन्यात लॉस एंजेलिसच्या दक्षिणेकडच्या रेडोंडो बीच या गावात, फ्लीटवुड नावाच्या क्लबमध्ये ब्लॅक फ्लॅग या बँडचा कार्यक्रम सुरू होता. स्टेजसमोर हाणामारी जुंपली होती. गायक रॉन रेयेसला ती बघवेना. त्याने माइक सोडला, स्टेजवरून उतरला आणि कार्यक्रम अर्धा टाकून चालता झाला. गिटार, बास आणि ड्रम्स वाजवणारे तिघे मात्र थांबले नाहीत. त्यांनी ‘लुई लुई’ हे 1950 च्या दशकातलं गाणं धरलं. तीन कॉर्डचं सोपं गाणं, अमेरिकेत गिटार हाती घेणाऱ्या जवळपास प्रत्येक पोराला येणारं. समोरच्या गर्दीतली पोरं स्टेजवर चढली आणि माइकवर ते गाऊ लागली. गायक निघून गेला तरी कार्यक्रम चालू राहिला.

त्या रात्री ऐनवेळी जे घडलं, तेच या बँडच्या पहिल्या पाच वर्षांत पुन्हा पुन्हा घडत आलं. 1976 ते 1981 या काळात ब्लॅक फ्लॅगने चार गायक पाहिले. पहिला ओळखीतला होता. पुढचे तिघेही या बँडची गाणी ऐकणाऱ्या पोरांमधूनच आले. गाणारा आणि ऐकणारा यांच्यात भिंत नको, असं पंक संगीत पहिल्यापासून सांगत होतं. बऱ्याच बँडांनी ते गाण्यांतून सांगितलं. ब्लॅक फ्लॅगने ते माणूस निवडताना पाळलं. म्हणूनच या गायकांच्या येण्याजाण्याची हकिकत मला अमेरिकी पंकचा सर्वांत खरा इतिहास वाटते.

हर्मोसा बीच हे समुद्रकाठचं निवांत गाव. लाटांवर फळ्या घेऊन जाणारी पोरं, किनाऱ्यालगतची बैठी घरं आणि पियर ॲव्हेन्यूवरचा ‘लाइटहाउस’ हा जॅझचा नामांकित अड्डा, एवढीच त्याची ख्याती. या गावात रेजिस गिन हे शिक्षक राहत. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात होते. पुढे त्यांनी शिकवलं, पुस्तकं लिहिली आणि पाच मुलं वाढवली. घरात पुस्तकं भरपूर, पैसा बेताचा. मुलांचे कपडे धर्मादाय दुकानातून येत. त्यांचा मुलगा ग्रेग वयाच्या बाराव्या वर्षी रेडिओच्या हौशी मंडळींना टपालाने सामान विकू लागला. युद्धातून उरलेली जुनी यंत्रं सुधारून तो विकायचा. या धंद्याचं नाव होतं ‘सॉलिड स्टेट ट्यूनर्स’, थोडक्यात एसएसटी. पुढे त्याने लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदवी घेतली. गिटार त्याने उशिरा, कॉलेजच्या वयात हातात घेतली.

1976 मध्ये न्यूयॉर्कच्या रॅमोन्सचा पहिला अल्बम आला. त्या काळात मोठाली मैदानं भरवणाऱ्या रॉक बँडांची चलती होती. एकेक गाणं दहा दहा मिनिटं चाले, आणि ते वाजवायला वर्षानुवर्षांचा रियाज हवा असं मानलं जाई. रॅमोन्सची गाणी दोन-अडीच मिनिटांत संपत. ग्रेग गिनला त्यातून वाट सापडली. गावात त्याची ओळख कीथ मॉरिसशी झाली होती. मॉरिसच्या वडिलांचं मासेमारीच्या सामानाचं दुकान होतं आणि कीथ तिथे काम करायचा. त्याला खरं तर ड्रम्स वाजवायचे होते. गिनने त्याला गायला लावलं. बँडचं नाव ठेवलं ‘पॅनिक’.

ड्रम्सवर ब्रायन मिगडॉल आला. बास वाजवणारा मात्र टिकेना. गिनच्या तालमी रोज तासन्‌तास चालत आणि नवखी पोरं त्याला कंटाळून जात. कधी ग्रेगचा धाकटा भाऊ रेमंड बास हातात घेई. कधी ग्लेन लॉकेट, ज्याला सगळे ‘स्पॉट’ म्हणत, वेळ मारून नेई. कित्येक तालमी बासशिवायच झाल्या. तालमीत खर्जाची बाजू रिकामी राहायची, म्हणून गिन गिटारवरच जाड, खालचे सूर लावून ती भरून काढायचा. ब्लॅक फ्लॅगच्या गिटारचा तो घोगरा, खाली दाबून धरलेला आवाज पुढे कित्येकांनी उचलला. त्याचं मूळ इथे आहे. एक माणूस कमी होता, त्यातून बँडचा नाद घडला.

अखेर बासवाला मिळाला. गॅरी मॅकडॅनियल हर्मोसातच ‘वर्म’ नावाच्या बँडमध्ये वाजवत होता. त्याने स्वतःचं नाव चक डुकाउस्की असं करून घेतलं होतं आणि तो त्याच नावाने ओळखला गेला. तालमीचा जाच वाटण्याऐवजी त्याला ती हवीच होती. कार्यक्रम ठरवणं, गावोगावी फोन लावणं, पोरांना पत्रं लिहिणं ही कामंही त्याने अंगावर घेतली. गिटार गिनची आणि रेटा डुकाउस्कीचा, अशी ही जोडी जमली. पुढची सहा वर्षं बाकीचे आले-गेले, हे दोघे राहिले.

जानेवारी 1978 मध्ये हर्मोसाच्या मीडिया आर्ट स्टुडिओत त्यांनी ‘नर्व्हस ब्रेकडाउन’ ही पहिली रेकॉर्ड केली. चार गाणी, सगळी मिळून साडेपाच मिनिटांहून कमी. बॉम्प या कंपनीने ती काढायचं कबूल केलं होतं, पण महिने उलटत चालले तरी रेकॉर्ड बाहेर येईना. गिनने वाट पाहणं सोडलं. टेलिफोन डिरेक्टरी उघडली, त्यात रेकॉर्ड छापणारा कारखाना शोधला आणि स्वतःच ऑर्डर दिली. वयाच्या बाराव्या वर्षी काढलेल्या धंद्याचंच नाव त्याने या नव्या उद्योगाला दिलं. ‘एसएसटी रेकॉर्ड्स’चा पहिला क्रमांक त्या चार गाण्यांना मिळाला. पुढच्या दशकात मिनिटमेन, हस्कर डू, सॉनिक यूथ अशा बँडांच्या रेकॉर्ड याच कंपनीतून आल्या. मोठ्या कंपन्यांच्या दारात न जाता स्वतःची रेकॉर्ड स्वतः काढण्याची चाल अमेरिकेतल्या पोरांनी ज्यांच्याकडून घेतली, त्यांत एसएसटीचं नाव फार वर आहे.

रेकॉर्ड निघण्याच्या सुमारास नाव बदलावं लागलं, कारण ‘पॅनिक’ नावाचा दुसरा बँड निघाला. नवं नाव रेमंडने सुचवलं: ब्लॅक फ्लॅग. पांढरा झेंडा शरणागतीचा, तर काळा अराजकाचा. याच नावाचं झुरळं मारायचं औषधही अमेरिकेत घरोघरी होतं. रेमंडने चिन्हही काढलं: चार काळे उभे पट्टे, खालीवर सरकवलेले, जणू वाऱ्यावर हलणारा झेंडा. रंगाचा एक डबा हाती असला की हे चिन्ह कोणीही भिंतीवर काढू शकत होता, आणि पोरांनी ते लॉस एंजेलिसच्या पुलांवर, खांबांवर काढलंही. रेमंड तोवर ‘रेमंड पेटिबॉन’ या नावाने चित्रं काढू लागला होता. त्याची शाईतली अस्वस्थ करणारी चित्रं कार्यक्रमांच्या पत्रकांवर छापून विजेच्या खांबांवर चिकटवली जात. त्याच पेटिबॉनची चित्रं आज जगातली मोठी संग्रहालयं जपून ठेवतात.

ड्रम्सवर आता रोबो आला होता. रॉबर्टो वाल्व्हर्डे हा मूळचा कोलंबियाचा. त्याचा ठोका सरळ, दणकट. मनगटात तो कडी घालून वाजवायचा, आणि रेकॉर्डवर नीट कान दिला तर ड्रम्सच्या जोडीला त्या कड्यांची किणकिण ऐकू येते.

22 जुलै 1979 रोजी, रविवारी, शेजारच्या मॅनहॅटन बीचच्या पॉलिवॉग पार्कमध्ये ब्लॅक फ्लॅगने वाजवलं. आपला नेहमीसारखा रॉक बँड आहे असं गावच्या अधिकाऱ्यांना सांगून त्यांनी परवानगी मिळवली होती. गवतावर सतरंज्या अंथरून, डबे उघडून कुटुंबं बसली होती. पहिल्या गाण्यापासूनच स्टेजच्या दिशेने कलिंगडाच्या फोडी, केळ्याच्या साली, सँडविच आणि डबे यायला लागले. बँड वाजवत राहिला. गाव आणि हा बँड यांचं जमणार नाही हे त्या दुपारी दोन्ही बाजूंना कळलं. पण गर्दीच्या कडेला अशीही पोरं होती जी त्या आवाजाने खिळून गेली.

त्याच वर्षाच्या अखेरीस कीथ मॉरिस बाहेर पडला. दारू आणि नशेने त्याला घेरलं होतं, हे त्याने पुढे मोकळेपणाने सांगितलं. पण तेवढंच कारण नव्हतं. तालमी अखंड चालायच्या, गाणी साचत जायची आणि रेकॉर्ड मात्र निघत नव्हत्या. शिवाय शेवटचा शब्द कायम गिनचा. मॉरिसने ग्रेग हेट्सन या गिटारवाल्याला घेऊन ‘सर्कल जर्क्स’ हा स्वतःचा बँड काढला. 1980 मध्ये आलेल्या त्यांच्या पहिल्या अल्बमात चौदा गाणी पंधरा-सोळा मिनिटांत आटोपतात. त्यांतली काही ब्लॅक फ्लॅगच्या दिवसांतली होती आणि ती कोणाची यावरून दोन्ही बाजूंत कटुता आली.

हेट्सन ज्या बँडमधून आला त्याचं नाव ‘रेड क्रॉस’. शाळकरी वयाच्या दोन मॅकडोनाल्ड भावांचा हा बँड. त्यांच्याकडे ड्रम्स वाजवणारा रॉन रेयेस ब्लॅक फ्लॅगचा भक्त होता. मॉरिस गेल्यावर गिन आणि डुकाउस्कीने त्यालाच विचारलं. पहिला गायक गेला तेव्हा एकाच लहान बँडमधला एक जण त्याच्याबरोबर गेला आणि दुसरा त्याच्या जागी आला.

रेयेस पोर्तो रिकोचा. त्या दिवसांत बँडची वस्ती हर्मोसातल्या एका जुन्या चर्चच्या इमारतीत होती. तिथे पूर्वी हस्तकलेचे कारागीर बसत. आता तळघरात तालीम चाले आणि वर पोरं राहत. पेनेलोपी स्फिरिसने लॉस एंजेलिसच्या पंक पोरांवर काढलेल्या ‘द डिक्लाइन ऑफ वेस्टर्न सिव्हिलायझेशन’ या माहितीपटात ती जागा दिसते. रेयेस कॅमेऱ्याला आपलं बिऱ्हाड दाखवतो. ते आहे एक कपाट. अंथरूण पसरलं की जागा संपली. महिन्याचं भाडं 16 डॉलर. भिंती रंगांनी आणि नावांनी भरलेल्या. अंगावर येणारी गरिबी आहे, पण तिथल्या एकाच्याही चेहऱ्यावर लाचारी नाही. पोट भरण्याच्या आधी तालमीची सोय पाहणारी माणसं कशी दिसतात हे बघायचं असेल तर तो प्रसंग बघावा.

रेयेसच्या आवाजात ‘व्हाइट मायनॉरिटी’ हे गाणं ऐकणं हा वेगळाच अनुभव आहे. गोऱ्यांना आपण अल्पसंख्य होऊ अशी वाटणारी धास्ती हा गाण्याचा विषय, आणि ते म्हणणारा पोर्तो रिकोचा, ताल धरणारा कोलंबियाचा, रेकॉर्डिंगच्या टेबलाशी बसलेला स्पॉट कृष्णवर्णीय घराण्यातला. कोण गातं यावर गाण्याचा अर्थ किती अवलंबून असतो, हे ते रेकॉर्डिंग सांगतं.

पण रेयेस टिकला जेमतेम काही महिने. बँडची ख्याती दक्षिणेला ऑरेंज काउंटीपर्यंत पोचली होती आणि हंटिंग्टन बीचची धिप्पाड पोरं कार्यक्रमांना येऊ लागली होती. स्टेजसमोरचं उड्या मारणं आता ठोसे मारण्यावर आलं. रेयेसला हे सोसवेना आणि मार्चमधल्या त्या रात्री तो उठून गेला. रागावूनही संबंध पुरता तुटला नाही. ‘जेलस अगेन’ ही रेकॉर्ड पुरी करायला तो परत आला, आपली गाणी गाऊन गेला.

तिसरा गायक डेझ कडेना. त्याचे वडील ओझी कडेना हे जॅझमधलं मोठं नाव. न्यूयॉर्क भागात सॅव्हॉय आणि प्रेस्टीज या कंपन्यांसाठी त्यांनी जॅझच्या रेकॉर्ड घडवल्या आणि पुढे हर्मोसाच्या लाइटहाउसमध्ये ते कार्यक्रम ठरवत. डेझ गिटार वाजवायचा. ब्लॅक फ्लॅगच्या कार्यक्रमांना तो सतत समोर असे. 1980 च्या उन्हाळ्यात त्यांनी त्याला गायला बोलावलं तेव्हा त्याने कधी कोणत्या बँडमध्ये गायलं नव्हतं. गाणी मात्र पाठ होती, आणि तेवढं पुरलं.

कडेनाच्या काळात बँड खऱ्या अर्थाने घराबाहेर पडला. लॉस एंजेलिसचे पोलीस कार्यक्रम बंद पाडत होते आणि क्लबवाले तारखा देईनासे झाले होते. मग डुकाउस्कीने फोनवरून देशभर संधान बांधलं. दूरच्या गावातली कोणी पोरं हॉल मिळवत, कोणी जमिनीवर झोपायला जागा देत. व्हॅनमध्ये वाद्यं लादून ब्लॅक फ्लॅग किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत फिरला. एका गावात जुळलेले पत्ते पुढच्या बँडला दिले जात. अमेरिकेत छोट्या बँडांच्या दौऱ्यांची जी वाट पुढे रुळली, ती अशा फोन नंबरांवर उभी राहिली. जून 1981 मध्ये हाच बँड सँटा मोनिका सिव्हिक ऑडिटोरियममध्ये, तीन हजार माणसं मावतील अशा सभागृहात, मुख्य आकर्षण म्हणून वाजवत होता.

या फिरस्तीची किंमत कडेनाच्या गळ्याने मोजली. गाण्याचं शिक्षण नाही, रोज रात्री जीव तोडून ओरडायचं, त्यात सिगारेट. आवाज फाटत गेला. त्याला गिटारकडे वळायचं होतं आणि त्याने तसं सांगितलं. बँड सोडायचा नव्हता, फक्त जागा बदलायची होती. प्रश्न एवढाच, की चौथा गायक कुठून आणायचा?

तो वॉशिंग्टनमध्ये आइस्क्रीम विकत होता. हेन्री गारफील्ड, वय 20, जॉर्जटाउनमधल्या हागेन-डाझच्या दुकानाचा मॅनेजर. लहानपणीचा मित्र इयन मकाय आणि तो मिळून पंकच्या रेकॉर्ड ऐकत. कोणीतरी त्यांच्या हाती ‘नर्व्हस ब्रेकडाउन’ दिली आणि गारफील्ड त्या साडेपाच मिनिटांनी झपाटला. त्याने डुकाउस्कीशी पत्रव्यवहार सुरू केला. डिसेंबर 1980 मध्ये बँड पूर्व किनाऱ्यावर आला तेव्हा घरी मुक्कामाला बोलावलं. स्वतःही तो ‘स्टेट ऑफ अलर्ट’ या स्थानिक बँडमध्ये गात होता.

1981 च्या उन्हाळ्यात ब्लॅक फ्लॅग न्यूयॉर्कला आल्याचं कळताच तो गाडी काढून गेला. रात्र सरत आली होती, सकाळी दुकान उघडायचं होतं आणि परतीची वाट कित्येक तासांची. निघण्याआधी त्याने ‘क्लॉक्ड इन’ वाजवा अशी फर्माईश केली. गाणं कामावर हजर होण्याबद्दलचं. कडेनाने माइक त्याच्याच हातात दिला. त्याने ते पूर्ण ताकदीनिशी म्हटलं, आणि वॉशिंग्टनला परत जाऊन कामावर उभा राहिला.

काही दिवसांनी बँडचा फोन आला: न्यूयॉर्कला ये, तुझं गाणं ऐकायचं आहे. तालमीच्या खोलीत त्यांनी एकामागून एक गाणी वाजवली, तो म्हणत गेला. निवड झाली. काय करावं हे त्याने मकायला विचारलं आणि मकायने जायला सांगितलं. गारफील्डने नोकरी सोडली, गाडी विकली, आडनाव बदलून रोलिन्स केलं आणि कॅलिफोर्निया गाठलं. पेटिबॉनचे चार पट्टे त्याने अंगावर गोंदवून घेतले. ऑगस्ट 1981 पासून तो पुढे उभा राहिला आणि कडेना दुसऱ्या गिटारवर गेला. पाच जणांच्या या संचाने ‘डॅमेज्ड’ हा ब्लॅक फ्लॅगचा पहिला पूर्ण अल्बम केला.

त्याचं मुखपृष्ठ एड कोल्व्हर या छायाचित्रकाराने टिपलं. रोलिन्स आरशावर ठोसा मारतो आहे, काच तडकली आहे, मनगटावर रक्त आहे. आरसा आधीच हातोडीने फोडला होता आणि रक्त म्हणजे लाल शाई, भांडी घासायचा साबण आणि इन्स्टंट कॉफी यांचं मिश्रण होतं. रेकॉर्डमधला संताप मात्र बनावट नव्हता. युनिकॉर्न या कंपनीमार्फत हा अल्बम एमसीए ही बडी कंपनी विकणार होती. एमसीएच्या प्रमुखाने तो ऐकला आणि पालक या नात्याने तो आपल्याला पालकविरोधी वाटतो, असं सांगून हात वर केले. बँडने तेच शब्द स्टिकरवर छापले आणि ते अल्बमवरच्या एमसीएच्या चिन्हावर चिकटवून माल बाजारात पाठवला.

पुढे युनिकॉर्नशी खटला उभा राहिला. त्या गुंत्यात ब्लॅक फ्लॅगला स्वतःच्याच नावाने रेकॉर्ड काढायची मनाई झाली. माणसांची ये-जाही थांबली नव्हती. डिसेंबर 1981 च्या इंग्लंड दौऱ्यानंतर रोबो व्हिसाच्या भानगडीत अडकला, आणि त्याच्या जागी बिल स्टीव्हन्सन, चक बिस्किट्स असे ड्रमर येत गेले. 1983 मध्ये कोर्टाचा अवमान झाला म्हणून गिन आणि डुकाउस्कीने पाच दिवस तुरुंगात काढले. त्याच वर्षी डुकाउस्कीनेही बास खाली ठेवला. बँड 1986 पर्यंत चालला, आणि तोवर गिनखेरीज पहिल्या दिवसांतला एकही जण त्यात नव्हता.

गिनचा हट्ट माणसांना झिजवणारा होता, हे मान्य करावंच लागतं. इतके जण गेले ते काही सगळेच दुबळे नव्हते. पण त्याच हट्टी माणसाने खटल्याच्या काळात काढलेला दुहेरी अल्बम मला या साऱ्या इतिहासाचा खरा दस्तऐवज वाटतो. ‘एव्हरीथिंग वेंट ब्लॅक’ असं त्याचं नाव. आत 1978 ते 1981 मधली जुनी रेकॉर्डिंग आहेत, रोलिन्सच्या आधीच्या तिन्ही गायकांची. ‘डिप्रेशन’ आणि ‘पोलीस स्टोरी’ ही गाणी तिथे तीनदा येतात: एकदा मॉरिसच्या, एकदा रेयेसच्या, एकदा कडेनाच्या तोंडून. मॉरिस वेडावून दाखवल्यासारखं गातो, रेयेसच्या गाण्यात कळवळा आहे, कडेनाचा गळा जणू खरवडून निघतो. बँडचं नाव छापायची सोय नव्हती, म्हणून वेष्टनावर फक्त वाजवणाऱ्यांची आणि गाणाऱ्यांची नावं आली, काहींची टोपणनावांनी. भांडून गेलेला, कार्यक्रम टाकून गेलेला, आवाज गमावलेला, तिघांनाही त्या यादीत जागा मिळाली.

नाव काढून घेतल्यावर बँडकडे दाखवायला उरली ती माणसं. ती कुठून आली होती ते आपण पाहिलं: मासेमारीच्या सामानाच्या दुकानातून, 16 डॉलरच्या कपाटातून, स्टेजसमोरच्या गर्दीतून. समोर उभं राहून गाणी पाठ करणं हीच तिथली पात्रता होती. आज कुठल्याही गावात चार पोरं गॅरेजमध्ये जमतात, स्वतःची गाणी स्वतःच रेकॉर्ड करतात आणि एक जण सोडून गेला तर ऐकायला येणाऱ्या मित्रालाच आत घेतात, तेव्हा हर्मोसा बीचच्या या मंडळींनी घालून दिलेली रीत ती पुढे चालवत असतात. त्यांना ब्लॅक फ्लॅगचं नाव ठाऊक असो वा नसो, ती रीत त्यांच्यापर्यंत पोचली आहे.